बायको बोर्डवर, नवरा स्कीवर आणि यादी उलटी

पत्र असं आहे:

"ताई, मी आणि माझी बायको चार सीझन रिसॉर्टच्या ट्रॅकवर खेळतोय, मी स्कीवर, ती स्नोबोर्डवर. लिफ्टच्या रांगांचा कंटाळा आला म्हणून आता बॅककंट्री करायचं ठरवलंय, स्वतःच्या पायाने चढायचं आणि कोणी न तुडवलेल्या बर्फातून खाली यायचं. महिनाभर रिव्ह्यू वाचून यादी केलीय. मला ११६ मिमी रुंद पावडर (ताज्या भुसभुशीत बर्फाची) स्की, बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग, तेही रेसवाले वापरतात ते सगळ्यात हलकं पिनवालं, आणि एक किलोच्या आतले बूट. तिला सध्या स्नोशू, बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या त्या रुंद पाट्या, म्हणजे आहे तोच बोर्ड पाठीवर घेऊन चढेल. दोघांना एअरबॅग, हिमस्खलनात हँडल ओढलं की फुगणारी. एवढ्यात बजेट संपतं, म्हणून बीकन (गाडलेल्या माणसाला सिग्नलवरून शोधायचं यंत्र) एक नवा आणि एक मित्राकडे पडून असलेला जुना घेऊ, आणि ॲव्हलांचचा, म्हणजे हिमस्खलनाचा कोर्स पुढच्या वर्षी करू. बरोबर चाललंय ना? — पावडरवेडा"

पत्राच्या खाली बायकोने स्वतंत्र दोन ओळी टाकल्यात, त्यांचं उत्तर शेवटी देते.

अरे पावडरवेड्या, नाही, बरोबर नाही चाललंय. पण तू महिनाभर वाचलंयस हे दिसतंय त्यामुळे तुला नवीन काही शिकवायचं नाहीये, फक्त यादी उलटी करायचीय, अगदी शब्दशः, खालून वर. जे तू "पुढच्या वर्षी" म्हणून ढकललंयस ते पहिलं, आणि जे पहिल्या ओळीत लिहिलंयस ते सगळ्यात शेवटी. आणि मधल्या वस्तू, म्हणजे त्या सुट्या सुट्या एकेक भारी आहेत रे, पण एकत्र केल्या की एक ना धड भाराभर चिंध्या. ११६ मिमीची स्की वळवायला पायात ताकद घेणारा, ताठ बूट लागतो. तू घेतोयस एक किलोच्या आतला, जो चढायला स्वर्ग आणि एवढी रुंद स्की हाकायला अगदीच मऊ. त्यात रेसचं बाइंडिंग, त्यातल्या बऱ्याच मॉडेल्सना ब्रेक नसतो आणि किती जोर आला की पाय सुटावा हे सेट करायची सोयही नसते, कारखान्यातून जे येतं ते येतं. म्हणजे ट्रकची चाकं, मोपेडचं इंजिन आणि सायकलचा ब्रेक, तोही असला तर.

बुटांपासून सुरू करते कारण माझं स्वतःचं नाक इथेच कापलं गेलंय. माझे पहिले टूरिंगचे, म्हणजे स्कीवर चढायचे बूट मी एक साइज मोठे घेतले. दुकानातला माणूस म्हणाला जाड मोजे घातले की छान बसतील, आणि घालून बघितले तेव्हा खरंच इतके आरामदायक वाटले की मी खूश. तिसऱ्या तासाला टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जात होती, चौथ्या तासाला टाचेची कातडी सोलली, आणि माथा समोर दिसत असताना आम्हा तिघांना परत फिरावं लागलं. बाकीच्या दोघांनी एक शब्द काढला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुकानात पाच मिनिटं आरामदायक वाटणारा बूट आणि डोंगरावर पाच तास चालणारा बूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तेव्हा शिकले.

तर बूट घेताना काय करायचं, आतला लायनर बाहेर काढ, रिकाम्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात पाय घाल, बोटं पुढे टेकव आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघ. साधारण दीड सेंटीमीटर, फार तर दोन. त्याच्यापेक्षा जास्त असेल तर तो बूट मोठा आहे, मग समोरचा काहीही सांगो. साइज मोंडोमध्ये असते म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, त्यामुळे रोजच्या चपला-बुटांचा नंबर विसर. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चा शेल एकच असतो, तेव्हा अर्ध्या नंबरवरून डोकं खपवू नकोस. मग लायनर परत घालून, एकच पातळ मोजा घालून, वीस-पंचवीस मिनिटं दुकानात उभा राहा, चाल, जिना चढ. आता बरेचसे लायनर गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात, ते दुकानातच करून घे. घोट्याचं हाड किंवा करंगळीपाशी टोचत असेल तर शेलचा प्लास्टिक त्या जागी तापवून फुगवता येतो, पण मोठा बूट लहान करता येत नाही, हे लक्षात ठेव.

वजन म्हणशील तर तुमच्यासारख्यांना एका बुटाला १.३ ते १.५ किलो हा पट्टा ठीक आहे, चालायच्या मोडमध्ये घोटा भरपूर पुढे-मागे हलतो आणि उतरताना पुरेसा ताठ राहतो. पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी पटीने महाग पडतं हे तू वाचलंयस ते खरंय, कारण तेच वजन तू प्रत्येक पावलाला पुढे ओढतोस, दिवसात हजारो वेळा. पण हलकेपणाचा हा सगळा हिशोब चढायचा आहे, आणि तुला खाली पण यायचंय ना, तेही दमलेल्या मांड्यांनी, कधी भुसभुशीत, कधी वरून कडक आणि आतून पोकळ बर्फावर. रिसॉर्टमध्ये रोलर फिरवून सपाट केलेल्या बर्फावर चार सीझन काढलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

बाइंडिंगचं थोडक्यात. १९८० च्या दशकात फ्रिट्झ बार्थेल नावाच्या एका ऑस्ट्रियन माणसाने जड सामान ओढून वैतागून दोन पिनांची आयडिया काढली, बुटाच्या पुढच्या टोकाला धातूच्या दोन खाचा आणि त्यात दोन्ही बाजूंनी चिमट्यासारख्या बसणाऱ्या पिना, आणि आजही जवळपास सगळं टूरिंग त्यावरच चालतं. त्यासाठी बुटाला त्या खाचा असाव्या लागतात, तुझ्या रिसॉर्टच्या बुटाला त्या बहुधा नाहीत, तपासून घे. रेसचं सोडून दे, त्याच्या वरचा जो मधला वर्ग आहे, ३०० ते ४०० ग्रॅमच्या आसपास, ज्याला ब्रेक आहे, टाचेखाली चढासाठी उंची देणारे दोन टप्पे आहेत आणि सुटायचा जोर तुझं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी बघून सेट करता येतो, तो घे. सेटिंग दुकानातल्या टेक्निशियनकडून करून घे आणि मित्राचा आकडा आठवर आहे म्हणून आपलाही आठवर असं करू नकोस, गुडघ्याला हे कळत नाही. पिन आणि रिसॉर्टचं बाइंडिंग यांचं मिश्रण असलेली हायब्रिडही मिळतात, उतरताना फार विश्वासू, पण एकेकाचं वजन पाऊण-एक किलोच्या घरात, आणि तू उड्या मारणार नसशील तर मला त्याची गरज दिसत नाही. फ्रेमवालं, ज्यात अख्खी फ्रेमच पायाबरोबर उचलली जाते, ते एखाद-दोन दिवस भाड्याने घेऊन बघायला ठीक, कारण तुझे सध्याचे बूट त्यात चालतील. विकत मात्र घेऊ नकोस.

एक गोष्ट पिनवाल्यांना कोणी सांगत नाही आणि मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. चढताना पुढचा भाग लॉक करायचा असतो, नाहीतर पाय मधेच सुटतो. माथ्यावर पोचल्यावर उतरायच्या मोडमध्ये येताना तो लॉक काढायचा. लॉक तसाच राहिला तर पडल्यावर स्की सुटत नाही, आणि बर्फाखाली गेलास तर तीच स्की तुला नांगरासारखी खाली धरून ठेवते. माथ्यावर एकमेकांचे लॉक तोंडाने मोठ्याने विचारायची सवय लावा, वेडेपणा वाटला तरी.

स्कीची रुंदी मधोमध ९५ ते १०२ मिमी, लांबी तुझ्या नाक-कपाळाच्या मधे कुठेतरी, एका स्कीचं वजन दीड किलोच्या आसपास, पुढचं टोक थोडं वर उचललेलं. झालं. ११६ वर तुझा जीव का अडकलाय ते कळतं मला, फोटोत ती फार सुंदर दिसते, पण तुझ्या दिवसाच्या सहा तासांतले पाच तास चढण्यात जाणार आहेत आणि ते बऱ्याचदा आधीच्या लोकांनी तुडवलेल्या, रात्रीत गोठून काचेसारख्या झालेल्या मागावरून तिरकं चालण्यात जाणार आहेत. तिथे रुंद स्कीची कड बर्फात बसतच नाही, घोटा वाकडा होतो, आणि स्कीवर चिकटवायची स्किनही तेवढीच रुंद आणि तेवढीच जड. पावडरचे दिवस म्हणशील तर १०० मिमीवरसुद्धा माणसं आनंदाने ओरडतात, मी ऐकलंय, मीच ओरडले होते.

स्किन्सवर मात्र मला जरा रेंगाळायचंय कारण लोक स्कीवर महिना घालवतात आणि स्किन दोन मिनिटांत उचलतात. पूर्वी खरंच सीलची कातडी बांधायचे म्हणून हे नाव, केस एका दिशेने लोळतात, पुढे सरकताना गुळगुळीत आणि मागे घसरताना अडवतात. आता दोन प्रकार, मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे केस, ते सुंदर सरकतात पण लवकर झिजतात, आणि नायलॉन, जे पकडतं जास्त, टिकतं जास्त, सरकतं कमी आणि घडी जाड होते. नवख्याला साधारण ७०-३० चं मिश्रण घ्यावं, सत्तर मोहेर. स्किन स्कीच्या आकाराची कापून घ्यायची, दोन्ही बाजूंना फक्त धातूची कड उघडी राहील एवढी, दोनेक मिलिमीटर. कमी कापलीस तर कड झाकली जाऊन घसरशील, जास्त कापलीस तर चढावर पकड जाईल.

आणि जपायची कशी तर चिकट बाजूला बर्फ लागू द्यायचा नाही, दोन चढांच्या मधे ती बॅगेत नाही तर जॅकेटच्या आत छातीशी ठेवायची कारण गार पडलेला गोंद चिकटत नाही. घरी आल्यावर सावलीत लटकवून वाळवायची, हीटरवर टाकायची नाही. ऊन पडलेल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या सुक्या बर्फात गेलास की केसांना बर्फाचे गोळे चिकटतात आणि पायाला विटा बांधल्यासारखं होतं, त्यासाठी स्किनला लावायच्या मेणाची छोटी वडी खिशात ठेव. ही एवढीशी वस्तू मी तीन वेळा विसरलेय आणि तिन्ही वेळा आयुष्यावर चिडलेय.

आता बायकोचं. स्नोशू आणि पाठीवर बोर्ड, हे स्वस्त पडतं आणि एखाद्या छोट्या टेकडीला चालतं, तुम्ही दोघं एकत्र डोंगर चढणार असाल तर नाही. तू स्कीवर पाय न उचलता सरकतोस, ती प्रत्येक पाऊल उचलून टाकणार, पाठीवर तीनेक किलोचा बोर्ड जो वारा आला की शिडासारखा भरतो. तू वीस मिनिटं पुढे जाऊन घामाने ओला थांबणार, गारठणार, ती धापा टाकत पोचणार तेव्हा तू निघायला उतावीळ, म्हणजे तिला विश्रांती नाहीच. दोन-तीन वेळा असं झालं की भांडण बर्फावरून नसतं रे. शिवाय ताज्या स्किनच्या मागावर स्नोशूने चाललं की तो माग उद्ध्वस्त होतो आणि मागून येणारे मनातल्या मनात शिव्या घालतात.

तिला स्प्लिटबोर्ड लागेल. बोर्ड मधोमध उभा चिरलेला, चढताना दोन रुंद स्की, त्याला स्किन, वर गेल्यावर दोन्ही तुकडे जोडून परत एक बोर्ड. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या युटामध्ये लोकांनी आपले बोर्ड स्वतः कापून हे सुरू केलं, तिथल्याच व्हॉइले कंपनीने त्याचा किट विकायला आणला. आता मात्र घरी करवत चालवायची गरज नाही आणि करूही नका, कापलेल्या बाजूला आत धातूची कड नसते, तीच कड तिला गोठलेल्या तिरक्या मागावर वाचवते. बाइंडिंग स्प्लिटबोर्डसाठीच बनवलेलं घ्या, जुनं बाइंडिंग प्लेटवर ठोकून चालवता येतं पण वजन वाढतं आणि पाय बर्फापासून उंच जातो. सॉफ्ट बूट तिचे आहेत तेच पहिल्या सीझनला चालतील, फक्त तळ कडक आणि खाचांचा हवा, म्हणजे उभ्या बर्फात पावलं खोदता येतील.

एका गोष्टीत मात्र कंजुषी करायची नाही, स्प्लिटबोर्डचे क्रॅम्पॉन. सॉफ्ट बुटाचा घोटा बाजूला वाकतो, त्यामुळे कडक बर्फावर स्कीवाल्याच्या मानाने बोर्डवाल्याची पकड लवकर सुटते. तू "अरे इथे काही नाही, ये" म्हणशील त्या जागी ती खरोखर अडकलेली असेल. बाइंडिंगखाली बसणारे ते दातेरी पत्रे तिथे कामाला येतात. दुसरं, तीन तुकड्यांत दुमडणारे पोल, कारण उतरताना ते बॅगेत गेले पाहिजेत, आणि सपाट जागा आली की झटकन निघाले पाहिजेत. सपाटीवर तू ढकलत-स्केटिंग करत निघून जाशील आणि ती कमरेएवढ्या बर्फात उभी राहील, त्यामुळे वाट ठरवताना शेवटचा सपाट भाग नकाशावर आधी बघायचा आणि ही जबाबदारी तुझी, तिची नाही.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते. दोन बीकन, दोन प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब काठी), दोन फावडी, आणि कोर्स. एअरबॅगच्या आधी, स्कीच्या आधी, बुटाच्यासुद्धा आधी. बीकनला ट्रान्सीव्हर पण म्हणतात, जगभरचे सगळे ४५७ किलोहर्ट्झवर बोलतात, म्हणून कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना सापडतात. मित्राकडचा जुना घेऊ नकोस. जुन्यांत एक किंवा दोनच अँटेना असतात, आताच्यांत तीन, आणि शोधताना हा फरक मिनिटांत मोजला जातो. तो किती वेळा आपटलाय, बॅटरी आत फुटून किती वर्षं पडून होती हे तुला कळायला मार्ग नाही. मी फार जुन्या वस्तू वापरणारी बाई आहे, स्की सेकंडहँड, पोल सेकंडहँड, फावडंसुद्धा, पण बीकन नाही.

का एवढं करतेय ते सांगते. १९९४ साली स्विस आकडेवारीवरून एक अभ्यास छापून आला होता, त्यात बर्फाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेले ९० टक्क्यांहून जास्त वाचत होते. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्याच १९८१ ते २०२० च्या नोंदींवरून तेच गणित परत केलं तेव्हा ती १५ मिनिटं १० वर आली. त्यानंतर आलेख दरीत पडतो, अर्ध्या तासाला दहातले जेमतेम तीन उरतात. दहा मिनिटांत कुठलं हेलिकॉप्टर येत नाही. तू गाडला गेलास तर येणारी फक्त तीच, आणि ती गाडली गेली तर फक्त तू. त्या दहा मिनिटांत सिग्नल पकडायचा, शेवटचे तीन मीटर गुडघ्यावर बसून बीकन बर्फाला लावून शोधायचं, प्रोब उताराला काटकोनात टोचत जायचं, लागला की प्रोब तसाच ठेवायचा, आणि मग त्याच्या खालच्या अंगाने आत खणायचं, बरोबर डोक्यावर उभं राहून नाही. हलून थांबलेला बर्फ दगडासारखा घट्ट होतो, प्लास्टिकचं फावडं त्यावर वाकतं नाहीतर तुटतं, म्हणून ॲल्युमिनियमचं पातं आणि लांब होणारा दांडा. प्रोब निदान २४० सेंटीमीटरचा, जमलं तर ३००.

बीकन अंगावर, कपड्यांच्या थरांत, निघतानाच चालू करायचा आणि खाली गाडीपाशी आल्यावर बंद. मोबाइल, हेडफोन, गरम होणारे हातमोजे यांच्यापासून पाठवायच्या मोडमध्ये २० सेंटीमीटर लांब, शोधताना ५०. फोन एका बाजूच्या खिशात, बीकन दुसऱ्या, एवढं केलं तरी पुष्कळ. साध्या अल्कलाइनवर चालणाऱ्यात चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या टाकू नकोस, बॅटरी किती उरली याचा आकडा त्यांच्याबाबतीत खोटा दाखवतो, आणि सीझन संपला की काढून ठेव.

एअरबॅगबद्दल मी विरोधात नाहीये. वाहत्या बर्फात मोठी वस्तू वर आणि छोटी खाली जाते, डबा हलवला की मोठे दाणे वर येतात तसं, आणि फुगलेली बॅग तुला मोठी करते. २०१४ च्या एका अभ्यासात गंभीररीत्या सापडलेल्यांत बॅग फुगलेल्यांचा मृत्युदर २२ वरून ११ टक्क्यांवर आलेला दिसला, ही काही लहान गोष्ट नाही. पण त्याच अभ्यासात दर पाचातली एक बॅग फुगलीच नव्हती, आणि त्यातली बरीचशी कारण माणसाला हँडल ओढताच आलं नाही. आणि झाडांवर, खडकांवर आपटण्यापासून ती फारशी वाचवत नाही. तेव्हा ती तिसऱ्या सीझनला घ्या, बीकन हातात घेऊन डोळे मिटून काम करता यायला लागल्यावर. आत्ता घेतलीत तर मला भीती वेगळीच वाटते, की एअरबॅग आहे म्हणून तू जरा जास्त उभा उतार निवडशील.

कोर्स दोघांनी करायचा, एकाने करून दुसऱ्याला सांगायचं असं नाही. दोन-तीन दिवसांचा पहिला टप्पा असतो, त्यात हिमस्खलनाचं रोजचं बुलेटिन कसं वाचायचं, पाच पातळ्यांचा धोका म्हणजे नेमकं काय, आणि बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात हे नकाशावर कसं ओळखायचं, हे शिकवतात. पहिला अख्खा सीझन ३० अंशांच्या आतल्या उतारांवर काढा, आणि डोक्यावर मोठा उभा उतार लटकत नाही ना तेही बघा, कारण वरून सुटलेलं खाली येतंच. कोर्स ही सामानातली एकमेव गोष्ट आहे जिचं वजन शून्य आहे, आणि तू नेमकी तीच पुढच्या वर्षावर टाकली होतीस, हलक्या वस्तूंच्या एवढ्या मागे लागलेला माणूस!

कपडे पटकन. कॉटन नको. चढताना थोडी थंडी वाजेल एवढेच घालायचे, नाहीतर घामाने भिजून माथ्यावर गोठशील. हातमोजे दोन जोड्या, चढायला पातळ आणि उतरायला जाड. थांबल्यावर वरून चढवायला एक फुगीर जॅकेट, ते वेळ आली की गाडलेल्यातून काढलेल्या माणसावर पण घालता येतं. आपत्कालीन ब्लँकेट-पिशवी, दोन-तीन रबरी पट्टे, तुमच्या बाइंडिंगच्या स्क्रूला बसणारा ड्रायव्हर (बहुतेक स्की बाइंडिंगला पोझिड्राइव्ह तीन नंबर लागतो, साध्या फुलीने स्क्रूचं डोकं गोल होतं), चिकटपट्टी पोललाच गुंडाळलेली. रबरी पट्ट्यांवर मी एकदा तुटलेल्या बाइंडिंगसकट खाली आलेय त्यामुळे ते माझ्याकडे सहा असतात. हेल्मेट तुझं रिसॉर्टचंच चालेल, पडून आपटलेलं नसलं तर, चढताना बॅगेला लटकव आणि टोपी घाल.

पैशाचं गणित तूच मांड, मी फक्त क्रम सांगते. या सीझनला दोघांचा कोर्स आणि दोघांचे नवीन बीकन-प्रोब-फावडं. तुझे बूट विकत. स्की-बाइंडिंग-स्किन आणि तिचा स्प्लिटबोर्ड भाड्याने, चार-पाच दिवस, दरवेळी वेगळा. मग सीझन संपताना, जेव्हा दुकानं जुना माल काढतात, तेव्हा जे आवडलं ते घ्यायचं. तोवर तुझं ११६ चं प्रेम बहुधा उतरलेलं असेल, नसेल उतरलं तर खुशाल घे, तेव्हा तुला निदान कळलेलं असेल की तू काय ओढून वर नेतोयस.

आणि आता वहिनींना. तुम्ही लिहिलंय, "याच्या बरोबरीने जायचं तर मी बोर्ड सोडून स्की शिकू का? माझ्यामुळे नेहमी उशीर होतो." अजिबात नाही. अवघड बर्फावर आपल्याला जे झोपेतही येतं त्यावरच उतरावं, आणि नवीन स्की शिकलेला माणूस तिथे बोर्डवरच्या तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त अडखळेल. बॅककंट्रीत बोर्डवाल्यांना उशीर होतो तो वर पोचल्यावर बोर्ड जोडताना होतो, सुरुवातीला दहा मिनिटं सहज जातात. भाड्याचा स्प्लिटबोर्ड आणलात की आदल्या रात्री घरातच जाड हातमोजे घालून तो दहा वेळा सोडा आणि दहा वेळा जोडा, दर वेळी घड्याळ लावून, आणि घड्याळ याच्या हातात देऊ नका. माथ्यावर क्रम एकच ठेवा: आधी जॅकेट अंगावर, मग स्किन काढून छातीशी, मग तुकडे जोडण्याआधी मधल्या खाचांतला बर्फ पोलच्या टोकाने खरवडून टाका, मग जोडा. खाचेतला तो चिमूटभर बर्फ राहिला की क्लिप लागत नाही, आणि ती का लागत नाही ते शोधण्यातच तुमची दहातली सात मिनिटं जातील. तोवर याला तुमचे पोल दुमडून बॅगेत भरायचं काम द्या.